हिशेब ठेवणाऱ्यांनी केलेला गौरव

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



इथं बसलेल्यांपैकी बरेच जण रोज सकाळी रक्तदाबाची एक गोळी घेतात. मीही घेतो. अशा गोळ्या पाताळगंगेला, कुरकुंभला, चिकलठाण्याला, गोव्यात वेर्ण्याला तयार होतात. आपल्याकडच्या अशा कारखान्यांतून औषधं अमेरिकेतही जातात आणि तिथल्या बेताच्या मिळकतीच्या माणसाच्या आवाक्यात येतात. ही वाट ज्या कायद्यानं मोकळी केली तो १९८४ सालचा आहे. औषधधंद्यातली आपली मुलं त्याचं नाव रोज घेतात : हॅच-वॅक्समन कायदा. ऑरिन हॅच हे उटाह राज्याचे रिपब्लिकन सिनेटर, तर हेन्री वॅक्समन हे लॉस एंजेलिसचे डेमोक्रॅट खासदार होते. आज मी या वॅक्समन यांच्याविषयी बोलणार आहे.

३० जानेवारी २०१४ रोजी त्यांनी जाहीर केलं, की आपण पुन्हा निवडणूक लढवणार नाही. तोवर ते सलग वीस वेळा निवडून आले होते. सभागृहात चाळीस वर्षं पुरी होत होती. तेव्हा त्यांचा गौरव करणाऱ्यांत ‘पब्लिक सिटिझन’सारख्या ग्राहकांची बाजू लढवणाऱ्या संस्था होत्या. राल्फ नेडर यांनी १९७१ साली काढलेली ही संस्था. औषधाचे दुष्परिणाम लपवले, मोटारीत दोष ठेवला, सरकारी खात्यानं डोळेझाक केली, की या संस्था कागदपत्रं घेऊन उभ्या राहतात. कोणत्या खासदारानं कोणत्या विधेयकावर कुठे मत दिलं, याची नोंद त्यांच्या दप्तरी असते. त्यांना खासदाराकडून ठेका नको असतो, बदली नको असते, शिफारसपत्र नको असतं. म्हणून त्यांची शाबासकी वेगळी. ती हिशेब तपासून दिलेली असते. तो हिशेब आज आपण उघडून पाहू.

वॅक्समन यांचे वडील लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात किराणा दुकान चालवत. कष्टकऱ्यांच्या वस्तीतलं दुकान. तिथं महागाई आणि उधारी ही पुस्तकात वाचायची गोष्ट नसते, ती गल्ल्यावर दिसते. मुलगा वकील झाला, १९६८ साली कॅलिफोर्नियाच्या विधानसभेत आणि १९७४ साली अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात निवडून आला. १९७९ साली तो आरोग्य आणि पर्यावरण या विषयांच्या उपसमितीचा अध्यक्ष झाला.

उपसमिती म्हटलं की आपल्याला चहा-बिस्किटं आणि इतिवृत्त आठवतं. तिकडे मात्र कायद्याचा खरा कारखाना तिथं असतो. उपसमिती साक्षीदार बोलावते, त्यांना शपथ देते, कागद मागवते आणि विधेयकाचं एकेक कलम घासूनपुसून पुढे पाठवते. वॅक्समन यांनी मंत्रिपदाच्या मागे न लागता या खुर्चीत ठाण मांडलं.

सुरुवातीचंच प्रकरण घ्या. टुरेट नावाचा एक विकार आहे. त्यात अंगाला झटके येतात, तोंडातून अनावर आवाज निघतात. या विकाराच्या एका तरुणाला उपयोगी पडणारं औषध कॅनडात मिळत होतं, अमेरिकेत त्याला मंजुरी नव्हती. ते आणताना कस्टम्सनं अडवलं. त्याच्या आईनं वॅक्समन यांच्या कार्यालयात फोन केला. चौकशी सुरू झाली तेव्हा कळलं, की अडचण एका घराची नाही. रोगी थोडे असले की औषधाचा खप थोडा. खप थोडा म्हणून कंपनी ते बनवायला तयार नाही. अशा औषधांना ‘अनाथ औषधं’ म्हणत.

१९८० साली उपसमितीनं सुनावणी घेतली. एका वर्तमानपत्रात छोटी बातमी आली. ती वाचली मॉरिस क्लगमन यांनी. त्यांचे बंधू जॅक क्लगमन हे ‘क्विन्सी’ या लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेचे नायक. मालिकेनं या विषयावर १९८१ साली एक भाग केला आणि जॅक क्लगमन स्वतः उपसमितीपुढे साक्षीला आले. अॅबी मायर्स यांच्यासारख्या मातांनी दुर्मीळ आजारांच्या रुग्णांना एकत्र आणलं. जानेवारी १९८३ मध्ये अनाथ औषधांचा कायदा झाला : संशोधनाच्या खर्चावर करसवलत आणि मंजुरीनंतर सात वर्षं विक्रीचा एकाधिकार. त्याआधीच्या दहा वर्षांत अशी जेमतेम दहा औषधं बाजारात आली होती. त्यानंतर शेकडो आली. एका आईचा फोन उचलला गेला आणि तिथून कायद्यापर्यंतची वाट कुणीतरी पुरी चालत गेलं, म्हणून हे झालं.

आता १९८४ चा कायदा. त्याची रचना नीट समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेत १९६२ नंतर मंजूर झालेल्या औषधाचं पेटंट संपलं तरी दुसऱ्या कंपनीला ते सहज बनवता येत नसे. माणसांवरच्या साऱ्या चाचण्या पहिल्यापासून कराव्या लागत. जे औषध गुणकारी आहे हे जगाला ठाऊक आहे, तेच पुन्हा सिद्ध करायचं! तो खर्च कोण करणार? त्यामुळे पेटंट संपलेली दीडशेच्या आसपास औषधं अशी होती, की त्यांना स्वस्त पर्यायच नव्हता.

नव्या कायद्यानं सांगितलं : तुमच्या गोळीत तेच द्रव्य आहे आणि ते शरीरात तेवढंच व तेवढ्याच वेगानं पोचतं एवढं दाखवा, पुरे. पेटंट संपण्याआधीच मंजुरीसाठी लागणारे प्रयोग करायची मुभाही दिली. तशीच मुभा पुढे आपल्या पेटंट कायद्यातही कलम १०७-अ म्हणून आली. बदल्यात मूळ कंपन्यांना, मंजुरीत गेलेल्या काळाची भरपाई म्हणून, पेटंटची मुदत पाच वर्षांपर्यंत वाढवून मिळाली. दोन्ही बाजूंनी काही दिलं, काही घेतलं.

१९८४ साली अमेरिकेत लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांत अशा, म्हणजे जेनेरिक, औषधांचा वाटा १९ टक्के होता. आज दहातली नऊ औषधं जेनेरिक असतात. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यामुळे इथल्या रसायनतज्ज्ञांचा हात या कामावर बसलेला होताच. तिकडे दार उघडलं आणि मुंबईच्या, हैदराबादच्या कंपन्या त्यातून आत गेल्या. कुरकुंभच्या पाळीवर जाणारा कामगार आणि ओहायोतली एखादी पेन्शनर बाई यांना जोडणारा धागा हा असा आहे.

दुसरा धागा दुःखाचा आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. त्याच युनियन कार्बाइडचा, तोच वायू तयार करणारा कारखाना अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट नावाच्या गावी होता. दोन आठवड्यांच्या आत, १४ डिसेंबरला, वॅक्समन यांनी आपली उपसमिती त्या गावी नेली आणि तिथं सुनावणी घेतली. आमच्या गावातल्या हवेत काय सोडलं जातं, हे आम्हाला कोण सांगणार, हा प्रश्न त्यातून ऐरणीवर आला. पुढच्याच ऑगस्टमध्ये त्या कारखान्यातून वायुगळती झाली आणि शंभराहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. १९८६ साली कायदा झाला : कोणतं विषारी द्रव्य आपण किती सोडतो, हे कारखान्यांनी दरवर्षी जाहीर करायचं. भोपाळच्या मृतांना न्याय मिळायला तो कायदा उपयोगी पडला नाही, हे सांगताना घसा दाटून येतो. पण परक्या देशातल्या मरणातून आपल्या गावचा धोका ओळखणारा प्रतिनिधी तिथं होता, हेही तितकंच खरं.

हवेची लढाई तर दहा वर्षं चालली. अध्यक्ष रेगन यांच्या काळात शुद्ध हवेचा कायदा सैल करण्याचं विधेयक आलं. त्यामागे मोटार उद्योग होता आणि वॅक्समन यांच्याच पक्षाचे, डेट्रॉइटकडचे वजनदार नेते जॉन डिंगेल होते. मतं हाताशी नव्हती. तेव्हा वॅक्समन यांनी सुमारे सहाशे दुरुस्त्या लिहून काढल्या आणि त्यांचे गठ्ठे बाजारहाटाच्या ढकलगाड्यांवर लादून समितीत आणले. प्रत्येक दुरुस्तीवर चर्चा म्हणजे वेळ. वेळ मिळाला आणि विधेयक अडलं. मग १९९० साली, जॉर्ज बुश थोरले अध्यक्ष असताना, कायदा सैल होण्याऐवजी अधिक कडक झाला. आधीच्या वीस वर्षांत सरकारनं अवघ्या सात विषारी वायुप्रदूषकांवर नियम केले होते. नव्या कायद्यानं १८९ द्रव्यांची यादीच बांधून दिली.

त्याच वर्षी खाद्यपदार्थांच्या पाकिटावर उष्मांक, चरबी, मीठ, साखर यांची चौकट छापणं सक्तीचं करणारा कायदाही झाला. तशी चौकट आज आपल्याकडच्या बिस्किटाच्या पुड्यावरही असते.

आणि तंबाखू. १४ एप्रिल १९९४. मोठ्या तंबाखू कंपन्यांचे सात प्रमुख एका रांगेत उभे राहिले, उजवे हात वर करून त्यांनी शपथ घेतली, आणि निकोटिनचं व्यसन लागतं असं आपण मानत नाही, असं एकेकानं सांगितलं. अध्यक्षस्थानी वॅक्समन होते. ते दृश्य साऱ्या देशानं पाहिलं. पण त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाचं बहुमत गेलं आणि त्यांचं अध्यक्षपदही. २००० साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की तंबाखूवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार अन्न व औषध प्रशासनाला नाही. आणखी नऊ वर्षं गेली. जून २००९ मध्ये तो अधिकार देणारा कायदा झाला. सुनावणीपासून कायद्यापर्यंत पंधरा वर्षं! यातली बारा वर्षं त्यांचा पक्ष सभागृहात अल्पमतात होता. लोकहिताच्या कामात बुद्धी लागते, धाडस लागतं, पण सर्वांत जास्त लागते ती चिकाटी. समोरच्या उद्योगाकडे पैसा असतो आणि थांबायची ताकद असते. त्याच्याहून अधिक काळ थांबू शकणारा माणूस जनतेच्या बाजूला लागतो.

श्रोतेहो, हिशेबाला दुसरी बाजू असते आणि ती लपवली तर मी तुमचा अपराधी ठरेन. अनाथ औषधांच्या कायद्याचा आधार घेऊन काही कंपन्यांनी छाती दडपणाऱ्या किमती लावल्या. १९८४ च्या कायद्यातल्या फटी शोधून मूळ कंपन्या जेनेरिक कंपन्यांना पैसे देऊन बाजाराबाहेर थांबवू लागल्या. जैविक औषधांच्या एकाधिकाराची मुदत पाच वर्षांची असावी म्हणून वॅक्समन झगडले. ती बारा वर्षं झाली. त्यांचं हवामानाचं विधेयक २००९ साली प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२ मतांनी निघालं आणि सिनेटमध्ये विरून गेलं. त्या विधेयकात उद्योगांना फार सवलती आहेत, अशी टीका करणाऱ्यांत ‘पब्लिक सिटिझन’ही होती. २००२ साली इराक युद्धाच्या ठरावाला त्यांनी अनुकूल मत दिलं, हेही नोंदीत आहे.

गौरवाचं मोल मला इथं कळतं. जी संस्था २००९ साली तोंडावर टीका करते, तीच २०१४ साली शाबासकी देते, तेव्हा त्या शाबासकीत भाटगिरीचा अंश नसतो. टीका करणाऱ्याची वही आणि गौरव करणाऱ्याची वही एकच असते. वॅक्समन यांचं काम त्यांच्या एकट्याचं नव्हतं, हेही त्या वहीत दिसतं. माता होत्या, शास्त्रज्ञ होते, वार्ताहर होते, ग्राहक संघटना होत्या. सभागृहाबाहेरच्या माणसानं प्रश्न आणायचा आणि आतल्या माणसानं तो सोडायचा नाही, अशी ती वाटणी होती.

ही वाटणी आपल्याला अनोळखी नाही. सत्तरच्या दशकात याच महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. मृणालताई गोरे लाटणं हातात घेतलेल्या बायकांबरोबर रस्त्यावर होत्या आणि विधानसभेतही होत्या. पाण्याचा, रेशनचा, तेलाचा प्रश्न त्या रस्त्यावरून आत नेत. २४ डिसेंबर १९८६ रोजी देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. म्हणजे पाया आपल्याकडेही घातलेला आहे.

उणं आहे ते वहीचं. आपण आपल्या आमदाराला कशावरून ओळखतो? लग्नाला आला, मयताला आला, मंडळाला वर्गणी दिली, रस्त्यावर फलक लावला. त्यात माणुसकी आहे, मी ती कमी लेखत नाही. पण अन्नातल्या भेसळीवर त्यानं कोणता प्रश्न विचारला, औषधांच्या किमतीवर काय बोलला, कोणत्या समितीत होता आणि किती बैठकांना हजर राहिला, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? विधिमंडळाचं कामकाज छापलं जातं. ते वाचणारे आपण असायला हवं.

म्हणून माझी एकच विनंती आहे. या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी, ग्रंथालयानं आणि गावातल्या ग्राहक संघटनेनं मिळून एक वही घालावी. पहिल्या पानावर आपल्या आमदाराचं आणि खासदाराचं नाव लिहावं, पक्ष लिहू नये. प्रत्येक अधिवेशनानंतर चार ओळी नोंदवाव्यात : काय विचारलं, कशावर मत दिलं, कोणता प्रश्न किती वर्षं धरून ठेवला. जमेच्या बाजूचं जमेला, खर्चाचं खर्चाला. पाच वर्षांनी ती वही घेऊन आपण याच सभागृहात पुन्हा बसू. कानउघाडणी करायची असली तर ती वही वाचून करू. आणि शाबासकी द्यायचा योग आला, तर तीही वही हातात धरूनच देऊ.