पन्नास डॉलर आणि विमानाचं तिकीट
(वर्धापन दिनी केलेले भाषण)



आज एक दूर अमेरिकेतली हकीकत सांगतो. गाण्याची आहे आणि नशेचीही आहे. आपल्यात गाणारे-वाजवणारे पुष्कळ आहेत, म्हणून ऐका.

नील यंग हा मूळचा कॅनडाचा गायक. लोकगीताचा साधेपणा आणि विजेवरच्या गिटारचा दणका एकत्र आला की त्याला तिकडे फोक-रॉक म्हणतात. नील त्यातला मोठा माणूस. त्याला साथ करणाऱ्या ‘क्रेझी हॉर्स’ या पार्टीत डॅनी व्हिटन नावाचा गिटारवाला होता. गळा चांगला, स्वतः गाणी रचणारा. पण हेरॉईनच्या नादी लागला. गल्लीत ज्याला गर्द म्हणतात, त्याच जातीचं हे विष.

१९७२ सालच्या ‘हार्वेस्ट’ या अल्बममध्ये नीलने सुईने होणाऱ्या नाशावर गाणं म्हटलं. गाणं गाजलं, पण डॅनी सावरला नाही. त्याच वर्षी दौऱ्याच्या तालमीला नीलने त्याला बोलावून घेतलं. डॅनीला साथ धरता येईना. शेवटी ५० डॉलर आणि लॉस एंजेलिसचं विमानाचं तिकीट हातात देऊन त्याला घरी पाठवलं. त्याच रात्री, १८ नोव्हेंबरला, नशेची मात्रा जास्त होऊन तो गेला. वय अवघं २९.

नीलचं चुकलं काय? दौरा तोंडावर होता, बाकीच्यांचंही पोट त्यावर होतं. तरी आपणच जबाबदार, ही बोच त्याच्या मनातून गेली नाही.

१९७३ मध्ये ब्रूस बेरी हा वाद्यं-सामान लावणारा कामगारही हेरॉईनने गेला. गायकाचं नाव पोस्टरवर येतं. सामान उचलणाऱ्याचं कोणाला ठाऊक? नीलने मात्र ते नाव गाण्यात घातलं. त्या दोघांच्या दुःखातून ‘टुनाइट्स द नाइट’ हा अल्बम झाला. १९७३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात हॉलीवूडला रात्र रात्र जागून बराचसा रेकॉर्ड केला. सगळे एकदम वाजवायचे. सूर घसरला तर तसाच ठेवला. १९७० मधलं डॅनीच्या आवाजातलं एक गाणंही त्यात घेतलं. बाजारात यायला १९७५ साल उजाडलं.

पण बंधूंनो, त्या रात्री ही मंडळी स्वतः दारू पिऊन वाजवीत होती. नशेने गेलेल्या मित्रांसाठी रडायचं, आणि समोर बाटली! मी हसण्यासाठी सांगत नाही. दुःखात माणसाचं असंच होतं.

दुःख खरं होतं, गाणंही खरं होतं. पण गाण्याने डॅनी वाचला नाही. आपण पाचवं शील म्हणतो. नुसतं म्हणून आपला पोरगा वाचेल काय?

नशेतल्या साथीदाराला कार्यक्रमाला उभा करू नका, घरी पाठवा. पण एकटा पाठवू नका, हातात पैसे देऊ नका. दोघं सोबत जा, घरच्यांच्या हाती सोपवा, सकाळी डॉक्टरकडे न्या. पुन्हा घसरला तर पुन्हा न्या. श्रद्धांजलीच्या सभेला आपण सगळे जमतो; त्याच्या आधी जमू या.

एवढं बोलून थांबतो. जयभीम!