जवानाची रजा आणि गावाची जबाबदारी



सैन्यात भरती होतो तो घरातील एक माणूस. परंतु सेवा सारे घर करीत असते. वऱ्हाडाला हे नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. १९१४ साली अमरावतीत स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या भागात व्यायामाची आणि शिस्तीची परंपरा रुजविली. १९४१ साली बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली आणि गणवेशाचा मान अनेक कुटुंबांच्या अंगणात आला. या मानाबरोबर जो वियोग येतो, त्याचा भार कोणी व कसा वाहावयाचा, हा आजचा प्रश्न आहे.

लष्करातील जवानास वर्षाकाठी साधारणतः ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा मिळते. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतील अग्निवीरास तर वर्षाला ३० दिवसच मिळतात. शिवाय रजा केव्हा मिळेल, हे तुकडीच्या गरजेवर अवलंबून असते. मृगाची पेरणी किंवा दिवाळीच्या आगेमागे सुरू होणारी कापसाची वेचणी जवानाच्या रजेसाठी थांबत नाही. काश्मीर किंवा ईशान्येकडील ठाण्यापासून अकोला अथवा बडनेरा स्थानकापर्यंतचा प्रवासही काही दिवस खातो.

मग घरी आलेल्या या माणसाचे दिवस जातात कोठे? अकोट किंवा दर्यापूर तालुक्यातील एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. सासरे वारले, पण वारसांचा फेरफार व्हावयाचा आहे. सेवा सहकारी सोसायटीचे पीककर्ज शेत ज्याच्या नावे आहे त्याच्या सहीवाचून अडते. धुऱ्याचा वाद तहसिलीत पोहोचला आहे. घरची सून शेत सांभाळते, सासूचे औषधपाणी पाहते, मुलांचा अभ्यास घेते; परंतु सातबाऱ्यावर तिचे नाव नसल्याने “धनी आल्यावर या,” असे तिला सांगितले जाते. धनी येतो आणि त्याची रजा कचेरीच्या बाकावर सरते. मुलांना वडील भेटतात ते निघण्याच्या आदल्या रात्री.

यातील बराचसा त्रास टाळता येण्याजोगा आहे. पतीच्या संमतीने पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची लक्ष्मी मुक्ती योजना महाराष्ट्र शासनाने १९९२ सालीच आणली. रीतसर मुखत्यारपत्र करून ठेवल्यास जवानाच्या गैरहजेरीतही पुष्कळ व्यवहार पार पडतात. दाव्यांच्या बाबतीत तर १९२५ चा केंद्रीय कायदा आहे. विशेष परिस्थितीत सेवा बजावणारा जवान दिवाणी अथवा महसुली न्यायालयात हजर राहू शकत नसेल, तर जिल्हाधिकारी तसे न्यायालयास प्रमाणित करू शकतात. त्याच्यातर्फे कोणी रीतसर प्रतिनिधी नसल्यास, कायद्यातील अटींना अधीन राहून, ते काम स्थगित ठेवावे लागते. हा कायदा जुना आहे. गावापर्यंत त्याची माहिती मात्र क्वचितच पोहोचते.

दुसरी बाब नोंदींची. विवाहाची व अपत्यजन्माची नोंद जवानाच्या सेवापुस्तकात होते ती गावाकडून मिळालेल्या दाखल्यांच्या आधारे. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावयाची असते. ग्रामीण भागात विवाहनोंदणीही १९९८ च्या अधिनियमानुसार ग्रामपंचायत पातळीवर होते. शाळेच्या दाखल्यात एक नाव, आधारपत्रात दुसरे आणि लष्करी अभिलेखात तिसरे, असे झाले की पुढे कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या वेळी विधवेला वणवण करावी लागते. कारकुनाच्या किंवा गुरुजींच्या लेखणीतील एका वेलांटीचे मोल कधी कधी एवढे मोठे असते.

गणवेश आता स्त्रियांच्याही अंगावर आहे. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक २०१५ साली कुपवाड्यात धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी दोन मुलांची जबाबदारी असताना चेन्नई येथे प्रशिक्षण घेतले आणि २०१७ साली त्या लष्करी अधिकारी झाल्या. डॉ. माधुरी कानिटकर २०२० साली लेफ्टनंट जनरल झाल्या; त्यांचे पतीही त्याच पदावरून निवृत्त झालेले. अशा घरांत मागे राहणारे माणूस आजी असेल, आजोबा असतील वा पतीही असेल. म्हणून गावाने “जवानाची बायको” एवढ्यापुरताच विचार करून भागणार नाही.

७ डिसेंबरच्या ध्वजदिनी निधी देणे हे कर्तव्यच होय. पण तेथे कर्तव्य संपत नाही. ग्रामपंचायतीने गावातील सेवारत जवानांच्या कुटुंबांची नोंदवही ठेवावी. तलाठ्यांनी, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी, त्यांची प्रकरणे जवान गावी येण्यापूर्वीच तयार करून ठेवावीत. शिक्षकांनी मुलाचे नाव लष्करी नोंदीशी पडताळावे आणि वडिलांना पत्र लिहिण्याचा परिपाठ वर्गात घालून द्यावा. अडचण मोठी असेल तेथे अमरावती व अकोला येथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांचा रस्ता कुटुंबास दाखवावा.

यासाठी वेगळा निधी लागत नाही. लागते ती थोडी तत्परता आणि आपुलकी. जवान सीमेवर आपले दिवस देशाला देतो. उरलेले थोडे दिवस त्याच्या मुलाबाळांच्या वाट्याला पुरतेपणी यावेत, एवढे पाहणे गावाच्या हाती आहे.