ज्याला आपण ‘औषध’ म्हणतो



२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याच हंगामात माझ्या भावालाही विषबाधा झाली. दोन दिवसांत उलट्या थांबल्या, तो घरी जायचा हट्ट धरू लागला. मीही “नेऊ या” म्हणाले. डॉक्टरांनी ईसीजी दाखवला. ठोके अनियमित होते. ऑर्गॅनोफॉस्फेट विषाने हृदयाची लय काही दिवसांनंतरही बिघडू शकते, हे मला इंजिनीअर असूनही ठाऊक नव्हते. भाऊ वाचला.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजही फवारणीचा पंप आहे. म्हणून सांगते, असा प्रसंग आलाच तर ‘औषधा’चा डबा दवाखान्यात सोबत न्या, ईसीजी काढायला सांगा आणि डॉक्टरांनी सोडल्याशिवाय माणसाला घरी आणू नका.