हांसळीचे हाड : मोडले कोठे, ते आधी पाहा

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



उज्जैन हे मल्लखांबाचे गाव. १९८१ साली मल्लखांबाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा येथेच भरली. आपल्या घरांतील मुलेमुली खांबावर चढतात, सायकली आणि स्कूटरी चालवितात. तेव्हा पडणे ओघाने आलेच. माणूस खांद्यावर आपटला की पुष्कळदा मोडते ते गळ्याखालचे आडवे हाड. माळव्यात त्याला हंसली म्हणतात, आपण हांसळी म्हणू.

'हांसळी ना? हात झोळीत अडकवा, आपोआप जुळेल,' असे आपण ऐकत आलो. ते बव्हंशी खरे आहे, पण सर्वस्वी नाही. सुश्रुताने हाड मोडण्याचे बारा आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार सांगितले, ते काही पांडित्य मिरविण्यासाठी नव्हे. प्रकार कळला की उपाय ठरतो.

१९६७ साली ऑलमन यांनी या हाडाचे तीन भाग पाडले. दर शंभरांत सुमारे ऐंशी जणांचे हाड मधल्या भागात मोडते. तुकडे जागच्या जागी असतील तर झोळी पुरते. लहान मुलांचे हाड तर बहुधा जुळतेच. काही महिने गाठ दिसते, तिला भिऊ नये. परंतु प्रौढ माणसाचे तुकडे एकमेकांपासून पार सुटले असतील, हाडाचा चुरा झाला असेल किंवा ते दोन सेंटिमीटर आखूड झाले असेल, तर पट्टी बसविण्याचा विचार करावा लागतो. १९९८ साली एडिंबरोच्या रॉबिन्सन यांनी हजार अस्थिभंग तपासून तुकड्यांचे सरकणे आणि चुरा यांनाही वर्गवारीत स्थान दिले, ते याचसाठी.

छातीजवळचा भाग क्वचित मोडतो. पण त्यामागे मोठ्या रक्तवाहिन्या व श्वासनलिका आहेत. श्वास किंवा घास अडू लागला तर क्षणाचाही विलंब नको.

उरला खांद्याजवळचा भाग. येथे आमच्या हातून झालेली चूक सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. एका तरुण कारागिराचे हाड या टोकाला मोडले होते. चित्रात फट लहान दिसली. आम्ही झोळी दिली आणि सहा आठवड्यांनी बोलाविले. या ठिकाणी हाडाला खाली धरून ठेवणारे बंध तुटले, तर आतला तुकडा वर सरकतो आणि जुळणे अवघड होते. नीर यांनी हा भेद केव्हाच दाखविला होता. आठवड्याने दुसरे चित्र काढले असते तर तो आम्हांस दिसला असता. पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. हातावर पोट असलेल्या त्या माणसाची कित्येक महिन्यांची कमाई बुडाली. वृद्धांना न जुळलेले हाड फारसे जाचत नाही, त्याला जाचले.

म्हणून आमचे एवढेच मागणे आहे. मोडलेली हांसळी कोणाकडूनही चोळून घेऊ नका. कातडी ताणून पांढरी पडली, हाड बाहेर आले, हात बधिर वा थंड झाला, तर तत्काळ रुग्णालय गाठा. एरवी डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारा : हाड कोणत्या भागात मोडले? तुकडे किती सरकले? पुन्हा चित्र केव्हा काढायचे? कोणी विचारले म्हणून आम्ही रागावणार नाही. त्या कारागिराने विचारले असते, तर आमचेच डोळे उघडले असते.