सशाचं नाव काय ठेवायचं?

(नाशिक इथे युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, सशावर बोलतो. ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "चालेल, पण पंधरा मिनिटांत संपवा." तेव्हा वेळ न घालवता सुरू करतो.

आधी एक वाघाची गोष्ट. सप्टेंबर २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातल्या प्राणिसंग्रहालयात बछड्यांचं बारसं झालं. मोठमोठे मंत्री हजर होते. नावांच्या चिठ्ठ्या काढायच्या होत्या. एका चिठ्ठीत 'आदित्य' निघालं. सगळ्यांना एका राजकीय घराण्याची आठवण झाली, हशा पिकला, ती चिठ्ठी बाजूला गेली आणि दुसरी काढली गेली. बछड्याला यातलं काही कळलं नाही.

पुढच्या गोष्टीत हशा नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्रिपुरातून एक सिंह आणि एक सिंहीण पश्चिम बंगालमध्ये सिलिगुडीच्या सफारी पार्कमध्ये आणली. कागदावर त्यांची नावं होती अकबर आणि सीता. विश्व हिंदू परिषद कोर्टात गेली. कलकत्ता हायकोर्टाच्या जलपैगुडी सर्किट बेंचनं नावं बदलायला सांगितलं. न्यायमूर्तींनी 'अकबर' या नावावरही आक्षेप घेतला, कारण तो कर्तबगार आणि सेक्युलर बादशहा होता. तिकडे त्रिपुरात एक वरिष्ठ वनाधिकारी निलंबित झाला. सिंह मात्र पूर्वीसारखाच झोपला होता.

प्राण्याला नाव कळत नाही, माणसाला कळतं. आता माझ्या सशाकडे येतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सुट्टीच्या दिवशी काही मित्रमैत्रिणींबरोबर सोडून दिलेल्या प्राण्यांना घर शोधून द्यायचं काम करतो. रानातला ससा वेगळा, तो पकडून घरी ठेवणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. बाजारात पिंजऱ्यात मिळतो तो मूळ युरोपातल्या जातीचा पाळीव ससा. लोक मुलांच्या हट्टापायी घेतात. तो आठ-दहा वर्षं जगतो, वायरी कुरतडतो, हे नंतर समजतं. मग एक दिवस तो खोक्यात घालून कुणाच्या तरी दारात ठेवला जातो.

तशीच एक पांढरी मादी माझ्याकडे आली. डोळे लाल. हे काम करणारे सांगतात की लाल डोळ्यांच्या पांढऱ्या सशाला घर मिळायला वेळ लागतो, लोकांना ते डोळे भीतीदायक वाटतात. अम्मीनं तिला मांडीवर घेतलं आणि नाव ठेवलं, नूरी.

मी फोटो काढला, 'नूरी, वय अंदाजे एक वर्ष, घर हवे' असं लिहून ग्रुपवर टाकलं. दोन आठवडे काहीच नाही. मग आमच्यातल्या एका ताईंचा मेसेज आला, "अरे, नाव बदल ना. स्नोई वगैरे ठेव. पटकन जाईल."

ताई चांगल्या आहेत. रात्री अकराला जखमी कुत्रं उचलायला स्वतःची गाडी काढतात. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, जग कसं आहे ते त्यांनी सांगितलं. पण मला ते लागलं. का, ते सांगतो.

माझं आडनाव पाटील. आजोबा कोकणातून नाशिकला आले, आडनाव बरोबर आलं. मागच्या वर्षी मी भाड्यानं फ्लॅट बघत होतो. फोनवर "पाटील बोलतोय" म्हटलं की एजंट खूश. फ्लॅट पाहिला, भाडं ठरलं, टोकन द्यायचं ठरलं. कराराला आधार कार्ड पाठवलं, त्यावर पहिलं नाव होतं. अर्ध्या तासात निरोप आला, "सॉरी सर, मालकांचे नातेवाईक राहायला येतायत." तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे नातेवाईक माहीत असतील. ते नेहमी आपल्यानंतर अर्ध्या तासानं येतात.

म्हणून ताईंना मी ठणकावून लिहिलं, नाव बदलणार नाही. मला वाटलं, मी तत्त्वासाठी उभा आहे.

त्याच आठवड्यात संध्याकाळी एक फोन आला. "सशाबद्दल विचारायचं होतं. कुरेशी बोलतोय." आणि मी, जो दोन दिवस नावावरून लोकांना तत्त्वज्ञान शिकवत होतो, त्या माणसाला पहिला प्रश्न काय विचारला? "कशासाठी हवाय?" बाकी कुणालाही मी हा प्रश्न असा, या आवाजात विचारला नसता. कुरेशी म्हणजे खाटीक, खाटीक म्हणजे सुरी, एवढं सगळं माझ्या डोक्यात एका सेकंदात झालं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "भाई, मुलीसाठी. आठवीत आहे ती." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी फोन करून माफी मागितली. ते सभ्यपणे म्हणाले, "राहू द्या आता." मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच म्हणालो असतो.

मग एप्रिल आला. ससा तिशीच्या वर तापमान गेलं की हैराण होतो, आणि आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. एका रात्री नूरीनं खाणं बंद केलं. सशाचं पोट सतत चालू राहावं लागतं, दहा-बारा तास तो जेवला नाही तर जिवावर बेततं. रात्री डॉक्टरांना उठवलं, औषध दिलं, सकाळी तिनं कोथिंबिरीची एक काडी चावली तेव्हा आम्ही श्वास सोडला. अम्मी म्हणाली, "तुझा अपमान झाला तो तुझा. ती का भोगतेय? तिला काय आधार कार्ड काढायचंय? तिला पंखा असलेलं घर पाहिजे."

मी जाहिरात नव्यानं लिहिली. आधीचा फोटो रात्री फ्लॅश मारून काढला होता, डोळे निखाऱ्यासारखे दिसत होते. या वेळी सकाळच्या उजेडात, अम्मीच्या मांडीवर काढला. स्वभाव लिहिला, काय खाते ते लिहिलं, आणि नावाच्या जागी लिहिलं, 'नाव तुम्ही ठेवा'. नऊ दिवसांत देवळालीच्या एका कुटुंबानं तिला नेलं. आता तिचं नाव बर्फी आहे.

आता तुम्ही विचाराल, मग नावामुळेच अडलं होतं का? इंजिनिअर म्हणून प्रामाणिक उत्तर देतो. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये ए-बी टेस्ट करतो. एकच पान दोन रूपांत दाखवायचं, पण फरक एकाच गोष्टीचा ठेवायचा. मी फोटो बदलला, मजकूर बदलला, नाव काढलं, सगळं एकदम. त्यामुळे कशानं काम झालं ते सांगता येत नाही. प्रत्येक नकारामागे नावच असतं असं धरून बसलो असतो तर तो वाईट फोटो मला कधी दिसलाच नसता.

पण हीच परीक्षा नीट घेतली तर काय दिसतं? अमेरिकेत २०१६ मध्ये कुत्र्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फ्लोरिडातल्या एका निवारा केंद्रानं पिंजऱ्यांवरच्या पाट्यांवरून जातीचं नाव काढून टाकलं. 'पिटबुल' समजल्या जाणाऱ्या कुत्र्यांना जास्त घरं मिळाली आणि लवकर मिळाली. कुत्रे त्याच प्रकारचे होते, पाटी गेली एवढंच.

माणसांवरही हा प्रयोग झाला आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांना सारख्या शिक्षणाचे अर्ज पाठवले होते, नावं तेवढी वेगळी. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची संधी सुमारे दोन तृतीयांश, मुस्लीम नावाला सुमारे एक तृतीयांश. २०२२ मध्ये लेडबाय फाउंडेशननं दोन काल्पनिक मुलींच्या नावानं सारखेच अर्ज पाठवले. प्रियांका शर्माला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आलं, हबीबा अलीला १०३ ठिकाणांहून.

आणि तिसरा अभ्यासही सांगतो, कारण आपल्याला आवडणारे आकडेच सांगणं हा खोटेपणाच आहे. दिल्ली परिसरात अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी असेच अर्ज पाठवले, २००९ मध्ये निष्कर्ष छापले. त्यात मुस्लीम नावामुळे लक्षात घेण्यासारखा फरक आढळला नाही. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत तर जातीच्या नावांमुळेही नाही. म्हणजे दार सगळीकडे सारखं बंद नसतं. अर्ज करायचा की नाही हे आधीच मनात ठरवू नका. अर्ज करा.

तर मला एवढंच म्हणायचं आहे. सशाचं नाव बदला, खुशाल बदला. त्याला घर मिळत असेल तर बर्फी काय आणि नूरी काय. त्याचं नाव आपण आपल्या हौशीनं ठेवलेलं असतं. माणसाचं तसं नाही. हबीबाला कुणी "प्रियांका हो, पटकन काम होईल" असं सांगू नये. नाव तिचं आहे, आजीनं कानात सांगितलेलं आहे. तिथे बदलायची ती अर्ज वाचण्याची पद्धत. तुमच्यातले जे उद्या टीम लीड होतील, मुलाखती घेतील, त्यांनी पहिल्या फेरीत अर्जावरचं नाव झाकून बघावं. एक्सेलमध्ये एक कॉलम लपवायला दोन सेकंद लागतात.

आणि ही पद्धत आपल्यालाही लागू आहे. स्थळ बघताना आपण काय करतो? अन्सारी आहे का, बागवान आहे का, पिंजारी आहे का, हे आधी. मुलगी काय शिकली, मुलगा कसा आहे, हे नंतर. एजंटनं माझं आधार कार्ड पाहून जे केलं, तेच मी कुरेशींचं नाव ऐकून केलं. त्याला फ्लॅटच्या मालकाची भीती होती. मला कुणाचीच नव्हती.

मी आता फोनवर नाव शेवटी विचारतो. आधी विचारतो, घरात वायरी उघड्या आहेत का, उन्हाळ्यात पंखा-कूलर आहे का, कोरडं गवत कुठून आणणार, गावाला गेलात तर कोण बघणार. या चार प्रश्नांत माणूस बऱ्यापैकी कळतो. नंतर नाव कळलं की त्याचा काही उपयोग उरत नाही, फक्त फोनमध्ये सेव्ह करायला लागतं.

सध्या माझ्याकडे एक तपकिरी नर आहे, दीड वर्षाचा, एक कान जरा दुमडलेला. त्याचं नाव मी ठेवलेलं नाही. घरात जागा आणि दहा वर्षांची तयारी असेल, तर चहाच्या वेळी मला भेटा.