आधी नंबर, मग फ्रेम
(निमगाव केतकी येथील भाषण)

फळ्यावरचं चुकीचं उतरवलं म्हणून पोरगा मार खातो. त्याला फळाच दिसत नसेल, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. मुलीचं तर आणखी अवघड. ‘चष्मा लागला तर स्थळं कशी येतील?’ म्हणून घरचेच गप्प. धाकट्या बहिणीसाठी हे तुम्हीच मोडा.

एकाच डोळ्याला नंबर असेल तर मूल तक्रार करत नाही, दुसऱ्या डोळ्यावर भागवतं. सात-आठ वर्षांनंतर तो मागे पडलेला डोळा सुधारणं अवघड होत जातं. घरी एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावा. शंका आली तर इंदापूर किंवा बारामती गाठा. नुसत्या मशिनवरचा नंबर घेऊ नका. थेंब टाकून तपासायला सांगा.

फ्रेम हलकी, नाकावरून न घसरणारी हवी. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून मोठी घ्यायला तो गणवेश नाही. भिंग काचेचं नको, पॉलिकार्बोनेटचं घ्या; चेंडू लागला तरी सहसा फुटत नाही. पैशांची अडचण असेल तर शाळेत विचारा. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शाळकरी मुलांना मोफत चष्म्याची तरतूद आहे.

रंग मात्र मुलीला निवडू द्या. नावडता चष्मा दप्तरातच राहतो.