घर नसलेल्या मुलाच्या शाळेचा पैसा कुठे अडतो?



आज मला पैशाबद्दल बोलायचं आहे. प्रत्येक मूल शिकलं पाहिजे, यावर इथे कुणाचं दुमत नाही. पण पुलाखाली राहणाऱ्या, किंवा आईबाप गेल्यावर खालाकडे वाढणाऱ्या मुलाच्या शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून काय निघतं आणि ते कुठल्या वाटेनं जातं, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

आधी शाळेकडे बघू. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळेला दरवर्षी जे संयुक्त अनुदान मिळतं, ते पटसंख्येवर ठरतं. तीसच्या वर ते शंभरपर्यंत पट असलेल्या शाळेला साधारण २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार, हजाराच्या वर १ लाख. इथे डोकी मोजली जातात. ज्याचं नाव पटावर नाही, ते मूल हिशेबातच नाही. आणि नाव असलं, तरी त्याला घर नाही म्हणून या अनुदानात एक रुपयाही वाढत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं २०१३ साली हा हिशेब बदलला. गरीब घरातली, इंग्रजी शिकत असलेली आणि सरकारी देखरेखीखाली दुसऱ्या कुटुंबात वाढणारी जितकी मुलं, तितक्यांसाठी शाळा-जिल्ह्याला मूळ रकमेच्या २० टक्के जादा मिळतात. शिवाय तो पैसा कशावर खर्च करणार, हे लेखी जाहीर करावं लागतं.

आपल्याकडे अशा मुलांसाठीचा पैसा मुख्यतः कुटुंबाच्या हाती येतो. राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. आईबाप दोन्ही नसलेली मुलं त्यात बसतात, एकच पालक उरलेली मुलंही बसतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वासाठी किंवा प्रतिपालक कुटुंबासाठी महिन्याला ४ हजारांची तरतूद आहे. प्रायोजकत्वाला उत्पन्नाची अट आहे: गावात वर्षाला ७२ हजार, इतर ठिकाणी ९६ हजार.

मग अडतं कुठे? कागदावर. शिक्षण हक्क कायदा, २००९ सांगतो की वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी प्रवेश थांबवता येत नाही. मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि मागे पडलेलं भरून काढायला खास प्रशिक्षण द्यायचं. म्हणजे शाळेचं दार कागदाशिवाय उघडतं. पण योजनेचं दार आधार, बँक खातं, उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला मागतं. ज्याच्याकडे पत्ताच नाही, त्यानं हे आणायचं कुठून?

बाल न्याय कायदा, २०१५ नुसार घरदार आणि उपजीविकेचं साधन नसलेलं मूल हे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल आहे. अशा मुलाचा निर्णय जिल्ह्याची बाल कल्याण समिती घेते. त्यामुळे कागद नसले तरी तिथे जाता येतं. मूल रस्त्यावर दिसलं, तर १०९८ हा क्रमांक आहे.

आपल्या मोहल्ल्यात यतीम मुलाच्या डोक्यावर हात ठेवणारे कमी नाहीत. रमजानमध्ये कपडे येतात, धान्य येतं. पण शाळा बारा महिने चालते आणि हक्काची कायदेशीर मोफत सोय आठवीपर्यंतच आहे. नववीला फी, प्रवास, वह्या हे सगळं अंगावर येतं. मुलगा गॅरेजमध्ये जातो, मुलगी घरकामाला लागते. महिन्याचे २,२५० रुपये नेमके तेव्हा कामाचे असतात, पण अर्ज वेळेवर झालेला असेल तरच.

म्हणून तुम्हाला तीन कामं सांगतो. आपल्या वस्तीतल्या अशा मुलांची यादी करा: शाळेत आहे का, कुणाकडे राहतं, कोणता कागद नाही. ज्यांची नावं पटावर नाहीत, त्यांच्यासोबत मुख्याध्यापकांकडे जा. आणि ज्या विधवा अम्मीला किंवा नानीला अर्ज भरता येत नाही, तिच्याबरोबर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जा, पोच घ्या, महिन्यानं पुन्हा विचारा. तुम्ही पदवीला आहात, ऑनलाइन फॉर्म रोज भरता. हे तुम्हाला जमतं.

शाळेच्या अनुदानात बेघर मुलासाठी जादा रक्कम हवी, ही मागणीही आपण लावून धरली पाहिजे. पण ती मागताना किती मुलं, असा प्रश्न येईल. तेव्हा आपल्याकडे यादी असली पाहिजे.